वॉलनटचा दुसरा हात

कमानिया गेटजवळच्या बाजारातून आणलेला, वॉलनट नावाच्या रंगाचा डबा.

बंडूचं बनियन, अजून घालण्याजोगं.

लोटीत उरलेलं नर्मदेचं पाणी.

भिंतीकडे तोंड करून टांगलेला सासूबाईंचा फोटो.

पाणी आदल्या दिवशीच्या, सासूबाईंच्या वर्षश्राद्धातलं उरलं होतं. बाकीची तयारी प्रतिमाची. बनियनच्या तिनं चिंध्या केल्या. फोटो फिरवला, कारण पुढचा कार्यक्रम दिसला असता तर सासूबाई खिळ्यासकट खाली उतरल्या असत्या.

बैठकीचं सागवानी दार हा त्यांचा जीव की प्राण. आल्यागेल्याला सांगायच्या, "दार गोरं मिळालं, सून सावळी." हे ऐकत प्रतिमानं जन्मभर चहाचे कप फिरवले. आता दार तिच्याहून काळं झाल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

नवरा बंडू तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला. डब्यावरच्या सूचना वाचायला ती सांगत होती, तर गोळ्यांच्या पेट्या रंगवणाऱ्याला दार काय शिकवतेस, म्हणून त्यानं नुसता पॉलिश पेपर मारला आणि चिंधी रंगात बुडवली.

संध्याकाळपर्यंत दार जांभळासारखं काळंभोर. फक्त वरच्या अंगाला एक गोरापान पंजा, पाची बोटं फाकलेला. दसऱ्याला तेलात हळद कालवून दारावर हात उमटवायची या घरची रीत. हळद घासून निघाली, पण वर्षानुवर्षांचं तेल लाकडात मुरलेलं. तिथं रंग धरेचना. दुसरा हात मारला, तरी पंजा तसाच.

"आई आहे," बंडू हळूच म्हणाला. "थांबा म्हणून राहिली."

"मेल्यावरही काहून मध्ये पडून राहिल्या?" प्रतिमानं शेजाऱ्यांकडून रंधा मागवला. पंजा सोलूनच काढायचा. रंधा चालवायला आधार म्हणून तिनं डावा हात दारावर टेकवला आणि तशीच थांबली. बोटावर बोट बसलं होतं. तिनं हात काढला, पुन्हा ठेवला. मग हसू लागली, इतकी की बंडू घाबरून पाणी आणायला धावला आणि श्राद्धाचीच लोटी घेऊन आला.

"रंधा परत करा," ती म्हणाली. "हात तरी गोरा निघाला माझा."

मग तिनं फोटो सरळ केला, तोंड दाराकडे येईल असा.

प्रतिमा डावखुरी आहे, आणि लग्न होऊन आली त्या वर्षापासून दसऱ्याचा हात तिनंच उमटवला होता.