खत चाखणारी कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. काठ फुटलेला, अंगावर क्षारांचे पांढरे डाग. फुलझाड माझ्या वाट्याला कधी आलं नाही. रोपवाटिकेच्या बाईंनी मला आणलं तेच खत तपासायला.

रीत साधी होती. नवं खत आलं की ते थोड्या मातीत कालवून माझ्यात भरायचं. माझ्या जोडीच्या कुंडीत नुसती चांगली माती. दोघींत घेवडा पेरायचा आणि वाट पाहायची. खतात तणनाशक उरलं असेल, तर घेवड्याची कोवळी पानं वाटीसारखी वळतात, शेंडा पिळवटतो. पानं सरळ निघाली की बाई मला थोपटायच्या आणि रोपं उपटून टाकायच्या. जरा जीव लागला, की पोट रिकामं. फार थकायला होतं.

एकदा बाईंच्या थोरल्या भावाने आपल्या तबेल्यातलं लिदीचं खत आणलं. बाई मला उचलू लागल्या, तेव्हा त्याने हसत विचारलं, आता भावाचीही परीक्षा का? बाई ओशाळल्या. मी शेडमागे उपडी पडून राहिले.

त्या खतातली टोमॅटोची रोपं घरोघर गेली. पुढे शेजारचे म्हातारे पोस्टमन एक रोप घेऊन आले. त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली. तिला खिडकीतून दिसावीत म्हणून त्यांनी ती रोपं लावली होती. सगळी पानं पिळलेली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझं पाणी घालायचं काही चुकलं का हो?"

बाई तडक शेडमागे आल्या. त्यांनी मला धुऊन घेतलं, तेच खत भरलं, घेवडा पेरला. माझी पानं आखडली. जोडीदारणीची छान पसरली. बाईंनी भावाला बोलावून आम्हा दोघींना त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने दोन्हीकडची पानं बोटांनी उलटून पाहिली. कुरणावर तणनाशक फवारल्याचं त्याने कबूल केलं. "पण घोड्यांना तर काहीच झालं नाही गं."

"त्यांच्या पोटातून ते तसंच बाहेर आलं, दादा. तू दुखावशील म्हणून मी तपासलं नाही. पोस्टमन आजोबा मात्र स्वतःलाच बोल लावत बसले."

मग दोघं बहीणभाऊ दारोदार फिरले. रोपं परत घेतली, खड्ड्यांतली मातीसुद्धा उपसली. पोस्टमनच्या खिडकीखाली भावाने स्वतः नवी माती भरून नवी रोपं लावली. जाताना त्याने आम्हा दोघींना मागून घेतलं.

आता मी तबेल्याच्या खिडकीत असते. खत बाहेर पाठवण्याआधी तो घेवडा पेरतो आणि रोज सकाळी उकिडवा बसून पानं न्याहाळतो.

मित्रांनो, माझी चीर वाढते आहे. एक दिवस मी पाणी घालतानाच उकलेन. तेव्हा दुसरी कुंडी घ्या. पण आपल्या माणसाने दिलेलं खत आहे म्हणून तपासायला लाजू नका. ते पुढे ज्याच्या दारी जाईल, त्याला काहीच ठाऊक नसतं.