नासरेनोचे केस

"आई, देवाला माझे केस बोलायच्या आधी मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारायला तू शुद्धीवर होतास का? घशात नळी घालून पडला होतास."

माझा फिदेन्सियो बावन्न वर्षांचा आहे, तरी माझ्याशी भांडताना स्टुलावर पाय हलवत बसतो. मी तामाले उकडायला मक्याचं पीठ मळत होते आणि त्याचा ड्रमवाला तुएर्कास कालचे तामाले फुकटात हादडत होता.

माझा मुलगा रॉक गातो. गाणी स्वतःच रचतो. मी त्याला मेकॅनिक व्हायला गॅरेजात घातला, तर तिथून तो गिटार घेऊन बाहेर पडला. कुणी हॉल देईना, म्हणून पडक्या सिनेमाघरात गायला. पोलीस आले की मागच्या भिंतीवरून उडी मारायचा. पाण्याचा टँकर येत नाही त्यावर गाणं, आमच्या नेसा वस्तीतल्या चिखलावर गाणं, आणि सगळ्यात गाजलं ते माझ्या चपलेवरचं. बाजारात बायका विचारतात, "ती चप्पल फेकून मारणारी आई तुम्हीच ना, दोन्या एपिग्मेनिया?" मी म्हणते, गाण्यात दाखवलाय इतका माझा नेम वाईट नाही.

यंदा त्याच्या घशात गाठ झाली. आवाज परत येईलच असं नाही, म्हणाले डॉक्टर. मी तडक नासरेनोपुढे उभी राहिले. खांद्यावर क्रूस घेतलेला आमच्या चर्चमधला येशू तो. त्याच्या केसांच्या टोपाला कसर लागली होती. आमच्याकडे त्याला माणसांचेच केस वाहतात. म्हटलं, पोराचा आवाज दे, कमरेपर्यंतचे केस देते. माझे कुठून देणार? माझ्या अंबाड्याने उंदराचं डोकं झाकायचं नाही. कुणाचे बोलतेय ते देवाला बरोबर कळलं.

आवाज आला. आता शुक्रवारी नासरेनोची मिरवणूक, आणि पुढच्या शनिवारी फिदेचा मैदानावरचा कार्यक्रम, आजवरचा सगळ्यात मोठा.

"काकू, पोस्टरवर निम्मे केसच आहेत," तुएर्कास तोंडातला घास गिळत म्हणाला. "भादरलेल्या डोक्याने गेला तर गेटवर याच्याकडेच तिकीट मागतील."

"मग नका फेडू नवस. आवाज परत करून या. चर्च उघडंच आहे."

"आई, लोक मला केसांवरून ओळखतात गं."

"आणि मला माझ्या शब्दावरून. अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय मी."

"तेच म्हणतोय! देवाला सांगितलंस ते ठीक, गल्लीला कशाला सांगितलंस?"

मी पीठ जोरात आपटलं.

त्याने पाय हलवायचे थांबवले. मग म्हणाला, "कात्री कुठाय?"

घरात कोंबडी कापायची कात्री होती, तीच मी दोनदा धुतली. त्याच्या केसांची वेणी घातली. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्याच्या डोक्याला हात लागला माझा. मुळाशी सगळं पांढरं.

"रंगवतोस होय रे?"

"गल्लीला सांगू नकोस."

शुक्रवारी भर दुपारी नासरेनो निघाला. वाऱ्यावर त्याचे नवे केस असे उडत होते की बायकांनी तोंडात बोटं घातली. कोपऱ्यावर काळी जाकिटं घातलेले बाप्ये उभे होते. त्यातला एक ओरडला, "अरे, हे तर फिदेचे!" झालं. सगळे मागून चालायला लागले. एकजण चपलेचं गाणं गुणगुणला, तसे फादरने डोळे वटारले. दोघांनी तर पालखीला खांदा दिला. आयुष्यात चर्चची पायरी चढले नसतील मेले.

फिदे माझ्या शेजारीच उभा होता. एका दाढीवाल्याने त्याला कोपराने ढकललं. "काका, जरा सरका ना, केस दिसत नाहीयेत."

फिदे सरकला.

ऊन रणरणत होतं. कित्येक वर्षं ऊन न पाहिलेले त्याचे कान मुळ्यासारखे पांढरे दिसत होते. मी माझी शाल काढून त्याच्या डोक्यावरून घातली, हनुवटीखाली गाठ मारली. एवढ्या लोकांत.

त्याने ती सोडली नाही.