कपाळावरचा बुक्का

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की निम्मी कथा पंख्यालाच ऐकू जाते. आज सांगते ती गोष्ट मुलुंडच्या एका प्रसूतिगृहातली, पंच्याऐंशी सालची. ऐकून जीव निवेल, एवढा शब्द देते.

भांडुपच्या सुलक्षणाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण कूस उजवत नव्हती. गर्भाच्या नळ्या मोकळ्या आहेत का, हे पाहायला आत औषध सोडून एक्स-रे काढायचा होता. पहिल्या खेपेला ती भीतीनं अशी आखडली, की डॉक्टरीणबाईंना मध्येच थांबावं लागलं. आजची ही दुसरी खेप; आजही नाही जमलं तर मोठ्या इस्पितळात पूर्ण भूल देऊन करू, असं त्यांनी बजावलं होतं. आणि सुलक्षणाची आई तर भुलीतून उठलीच नव्हती.

निघताना सासूनं, रुक्मिणीबाईंनी, मायेनं तिच्या मनगटाला मोगऱ्याचं अत्तर लावलं. "हुंगत राहा. मन थाऱ्यावर राहील."

टेबलावर आडवी झाल्यावर सुलक्षणा मनगट नाकाशी नेई आणि मुठी जास्तच आवळी. उशाशी उभ्या ऑलिव्ह आयाबाईंनी ते हेरलं. गावठाणातल्या ख्रिस्ती बाई, बोलायला रोखठोक.

"या वासानं तू अधिकच ताठतेस गो. काय आहे त्यात?"

"हळदीकुंकवाला हेच अत्तर असतं," सुलक्षणा म्हणाली. "लावता लावता दर बाई विचारते, अजून काही नाही का?"

ऑलिव्हबाईंनी साबणाच्या बोळ्यानं मनगट पुसून काढलं. "मग शांत कुठं वाटतं तुला?"

"कीर्तनात. बुवा बुक्का लावतात ना, त्या वासानं."

"ती काळी पूड? तुझ्या नवऱ्याच्या कपाळावर आहे ती?"

बाई तडक बाहेर. बाकावर जयवंत बसलेला, विठ्ठलाच्या देवळातून थेट आलेला.

"कपाळ पुढे करा."

"का? झालं काय?"

"तुमच्या देवाचं काम आहे. हलू नका."

कोरड्या कापसानं कपाळ साफ पुसून त्या आत गेल्या. जयवंत बिचारा मान तशीच पुढे काढून बसला.

कापूस नाकाशी आला. कापूर, तुळस, नागरमोथा. "आता तुझ्या बुवांचं काय असेल ते मनात म्हण," ऑलिव्हबाई म्हणाल्या, "आणि श्वास लांब सोड."

कळ आली. खोटं कशाला सांगू, ओटीपोट पिळवटून निघालं. पण सुलक्षणा अभंगाच्या लयीत श्वास सोडत राहिली, आखडली नाही. तिसरा अभंग चालू असताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं. एक नळी बंद आहे, दुसरी मोकळी. एक पुरते."

मूल झालं का, असं तुम्ही आता विचारणार. ते मी सांगणार नाही; तिला पुष्कळांनी विचारलंय.

तुम्ही एवढं करा. कीर्तनात बुक्का लावून घ्यायला बुवांपुढे कपाळ कराल, तेव्हा त्या ऑलिव्हबाईंची आठवण काढा.