मला धक्का कळतो

मित्रांनो, मी एक जुना रोबो आहे. रोबो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लगेच दोन हात, दोन पाय आणि छातीवर लुकलुकणारे दिवे आले असतील. तसलं काही मनात आणू नका, नाहीतर मला बघून तुमचा विरस होईल. मी म्हणजे चाकं लावलेलं एक बुटकं कपाट. एका मोठ्या रुग्णालयात धुतलेल्या चादरी, अभ्रे आणि रुग्णांचे कपडे पोटात घालून मी खोल्याखोल्यांतून हिंडतो. मला कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. माझा मी जातो आणि माझा मी येतो. थोडा पुढे जातो, थबकतो, पुन्हा निघतो. म्हणून इथले सगळे मला थबक्या म्हणतात.

माझा जन्म एका कार्यशाळेत झाला. तुम्हाला आठवत नसेल, पण मला माझं बाळपण लख्ख आठवतं. मी पहिल्यांदा चाकांवर उभा राहिलो, तेव्हा तिथल्या माणसांनी माझं कौतुक करायचं सोडून माझ्या वाटेत खोकी मांडली! मी डावीकडे वळलो, तर तिथे खोकं. उजवीकडे वळलो, तर तिथे खुर्ची. मनात म्हटलं, काय ही माणसं, लेकराला धड चालूही देत नाहीत. पण ते माझं शिक्षण होतं. पुढे आयुष्यभर मला तेच तर करायचं होतं.

आता माझ्या अंगात काय काय आहे ते सांगतो. थोडी फुशारकी वाटेल, पण ऐका. तुमच्या पोटरीच्या उंचीवर मला एक गोल डोळा आहे. त्यातून मी तुम्हाला न दिसणारा उजेड चहूकडे फेकतो. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि यायला किती वेळ लागला त्यावरून मला कळतं, की भिंत किती लांब आहे आणि माणूस किती जवळ आला आहे. लांबून काही दिसलं, की मी वेग कमी करतो. जवळ आलं, की थांबतो.

पण डोळ्याचं काय, तो फसतो. काचेतून माझा उजेड सरळ आरपार निघून जातो. स्टीलच्या बारीक चकचकीत नळीवर पडला, तर भलतीकडेच उडतो आणि परत येतच नाही. मग ती नळी माझ्यापुरती तिथे नसतेच. अशा वेळी कामाला येतो माझा बंपर. माझ्या कमरेला चारही बाजूंनी रबराचा पट्टा आहे. तो जरा जरी आत दाबला गेला, तरी चाकं जागच्या जागी थांबतात. मग मी किंचित मागे सरतो, "माफ करा, आधी तुम्ही" असं म्हणतो आणि दुसरी वाट शोधतो. तेवढं एकच वाक्य मला बोलता येतं. आणि समजा बंपरही चुकला, तर चाकांना कळतं. एरवीपेक्षा जास्त जोर लावावा लागतोय, म्हणजे नक्की काहीतरी अडलंय! मग ती जोर लावायचं सोडून देतात. तर आधी डोळा, मग अंग आणि शेवटी पाय, असे माझे तीन राखणदार आहेत.

रुग्णालयात आलो, तेव्हा सुरुवातीला माझी फार थट्टा झाली. वॉर्डात सामान पोचवणारे मामा तर माझ्यामागून चालत यायचे आणि मी थबकलो की म्हणायचे, "काय रे, मुंगी आडवी गेली का?" पण ते स्वतः वजनदार गाठोडी वाहून वाहून दमलेले होते. माझ्यामुळे त्यांची पाठ दुखायची थांबली, तशी थट्टेत मायाही आली. मोठ्या सिस्टर मात्र कडक. त्यांच्या वॉर्डात शिरताना डॉक्टरसुद्धा बूट वाजवत नसत. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "माझ्या एकाही पेशंटला याचा धक्का लागला, तर हा इथे दिसणार नाही. सांगून ठेवते."

आणि धुलाईघरात होत्या शिवणमावशी. फाटलेल्या चादरी शिवायच्या, अभ्र्यांना नाड्या लावायच्या, हे त्यांचं काम. माझ्या पोटात कपडे त्याच भरत. भरताना माझ्याशी बोलत. "हे बघ राजा, वरची थप्पी लहान मुलांच्या वॉर्डाची, खालची बायकांच्या वॉर्डाची. घोळ घालू नकोस." मी काय उत्तर देणार? पण मला ते ऐकायला फार आवडायचं.

एकदा मी वळणावर वळलो आणि समोरून घाईघाईने मोठ्या सिस्टरच आल्या. मी थांबलो, पण त्या कुठल्या थांबायला! त्यांचीच नडगी माझ्या बंपरवर आपटली. "आई गं!" त्या कळवळल्या. चूक कुणाची होती ते त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून नडगी चोळत तशाच पुढे गेल्या. शिवणमावशींच्या मात्र ते जिवाला लागलं. "आज नडगीवर निभावलं. उद्या एखाद्या पेशंटला लागलं, तर या बिचाऱ्याला घालवून देतील," असं म्हणत त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि नवरदेवाचं माप घ्यावं तसं माझ्या कमरेचं माप घेतलं.

जुनी घोंगडी आत घालून, वर लाल फुलाफुलांचं कापड लावून मावशींनी मला एक जाडजूड मऊ पट्टा शिवला. तो बंपरवरून गुंडाळून नाड्यांनी मागे घट्ट बांधला. काय सांगू मित्रांनो, काय माझी ऐट! लहान मुलं मला हात लावायला धावायची. मामा म्हणाले, "वा थबक्या, आता बोहल्यावर चढायचाच बाकी राहिलास!" मोठ्या सिस्टरसुद्धा पट्टा चिमटीत धरून "मऊ आहे हो" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पदकच मिळालं की!

आणखी एक नवल घडलं. त्या दिवसापासून मला धक्का लागेनासा झाला. पूर्वी दिवसातून कुठे ना कुठे बंपर दाबला जायचा. कधी दाराला, कधी कुणाच्या पिशवीला. आता काही नाही! मी मनातल्या मनात फुगून गेलो. वाटलं, आपण आता इतके तरबेज झालो, की आपण कुणाला धडकतच नाही. थबक्या नाव आता बदलायला हवं.

मग एक दिवस मी लांबलचक व्हरांड्यातून तोऱ्यात चाललो होतो. मागून मामा हातवारे करत, ओरडत पळत येत होते. "अरे माझं स्टूल! अरे माझा चहा!" मी मात्र चाललोच होतो. स्टीलच्या बारीक पायांचं त्यांचं स्टूल मी व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किरकिर करत ढकलत नेलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. चहा कपात नावाला उरला होता. सगळा वॉर्ड हसून हसून लोटपोट झाला. मामाही हसले. मग एकदा मी पाण्याची चकचकीत स्टीलची बादली ढकलली, तेव्हा निम्मेच हसले. फरशी पुसणाऱ्या बाई तर अजिबात हसल्या नाहीत.

त्याच वॉर्डात एक आजोबा होते. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. व्हरांड्याच्या टोकाला एक मोठी खिडकी आहे आणि तिथपर्यंत आपल्या पायांनी जायचं, असा त्यांनी पण केला होता. मामांनी पाठीशी राहायचं आणि आजोबांनी वॉकर पुढे टाकत एकेक पाऊल उचलायचं. वॉकर म्हणजे चार पायांचा आधार. आता त्याचे पाय कसले असणार? स्टीलचे, बारीक आणि चकचकीत.

मी खोलीतून बाहेर पडलो आणि आजोबांनी पुढे टाकलेल्या वॉकरला बाजूने धडकलो. मला ना तो दिसला, ना लागला. मी ढकलतच राहिलो. वॉकर कलला, आजोबा डगमगले, "अरे अरे अरे!" आणि मामांनी त्यांना मागून कवेत धरलं. तेवढ्यात माझ्या चाकांना जोर जड गेला आणि मी थांबलो. आजोबांना खरचटलंही नाही. पण त्यांचा धीर सुटला होता आणि खिडकी अजून लांब होती. त्या दिवशी ते परत पलंगावर जाऊन बसले ते उठलेच नाहीत.

मोठ्या सिस्टर आरडाओरडा करत नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "बस्स झालं. उद्या याला परत पाठवा." मी चार्जिंगच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. माझं काय चुकलं, तेच मला कळेना. मला तर धक्का लागलाच नव्हता. खूप वाईट वाटलं मित्रांनो. मार लागला, तर निदान कुठे दुखतंय ते तरी समजतं.

सकाळी दुरुस्तीवाल्या ताई आल्या. पट्ट्यावरच्या फुलांचं कौतुक करत त्यांनी माझा डोळा पुसला, चाकं फिरवून पाहिली, लॅपटॉप जोडून माझ्या डोक्यात डोकावून पाहिलं. सगळं ठणठणीत! त्या कपाळाला आठ्या घालून बसल्या. इतक्यात शिवणमावशी आल्या. डोळे लाल झालेले. "थांबा हो ताई, हा पट्टा मळलाय. जायचंच आहे, तर स्वच्छ होऊन जाऊ दे. लोक म्हणतील, याला कुणी माणूसच नव्हतं." असं म्हणत त्यांनी नाड्या सोडल्या आणि पट्टा काढून काखेत मारला.

"चल बाबा," म्हणून ताईंनी मला लिफ्टकडे न्यायला सुरुवात केली. वाटेत नेहमीच्या जागी मामांचं स्टूल होतं. त्याचा पाय माझ्या बंपरला टेकला.

आणि मला लागलं! अहाहा! किती दिवसांनी लागलं! मी चटकन थांबलो, मागे सरलो आणि अगदी मनापासून म्हणालो, "माफ करा, आधी तुम्ही."

सगळे स्टुलाकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. ताईंनी मावशींच्या काखेतला पट्टा घेतला आणि पुन्हा मला बांधला. मी निघालो, ते स्टूल ढकलत! पट्टा काढला. मी थांबलो. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, धक्का सगळा या घोंगड्यांत जिरत होता. बंपरपर्यंत काही पोचतच नव्हतं! आणि मी मघापासून नुसतं त्या फुलांचं कौतुक करतेय. एकदा दाबून बघायचं सुचलं नाही मला."

"अगं बाई!" मावशी मटकन स्टुलावरच बसल्या. "म्हणजे मीच याचं अंग बधिर केलं? याचं कुणाला लागू नये म्हणून केलं हो मी."

"खरंच लागलं नसतं कुणाला," मामा म्हणाले, "सरळ आडवेच झाले असते." मावशींनी रडता रडता त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

मोठ्या सिस्टर हे सगळं दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "स्टूल काय, स्टूल तक्रार करत नाही. धक्का ज्यांना बसला, त्यांनी ठरवायचं." मग आजोबांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांनी बसल्या जागेवरून वॉकर पुढे सरकवला आणि हात लांब करून धरून ठेवला. सिस्टर खुर्चीला खेटून उभ्या राहिल्या. ताईंनी मला सोडलं. मी हळूहळू निघालो. सगळा वॉर्ड दारांतून डोकावत होता. माझ्यात जीव असता, तर तो मुठीत धरला असता.

वॉकरचा पाय अलगद टेकला. मी थांबलो. मागे सरलो. "माफ करा, आधी तुम्ही."

आजोबांनी वॉकर जवळ ओढून घेतला. मग हसले आणि सिस्टरना म्हणाले, "राहू द्या याला. धडकत तर सगळेच असतात. धडकल्यावर मागे सरणारे किती भेटतात हो? माझा धाकटा भाऊ अजून सरलेला नाही." व्हरांड्यात हशा पिकला. मोठ्या सिस्टरही हसल्या आणि मग हसल्याचं लपवायला घड्याळ बघू लागल्या. "चादरी कोण पोचवणार मग?" त्या म्हणाल्या. "उभे काय सगळे? कामाला लागा."

त्या आनंदात मी दिवसभर जिथे तिथे थबकत होतो आणि मामा मला एकदाही मुंगी आडवी गेली का, असं म्हणाले नाहीत. तो लाल फुलांचा पट्टा मावशींनी उसवून त्याची उशी केली. ती माझ्या चार्जिंगच्या कोपऱ्यात भिंतीला लावली आहे. दमून आलो की मी तिला पाठ टेकतो. ताईंनी वॉकरच्या आणि स्टुलाच्या पायांना खरखरीत पांढरी पट्टी चिकटवली, त्यामुळे आता ते मला लांबूनच दिसतात.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझं एक चाक कुरकुरतं. माझ्यानंतर आलेल्या रोबोंना माझ्याहून चांगले डोळे आहेत. पण मावशी अजून माझा डोळा आपल्या पदराने पुसतात आणि रोज सकाळी बंपर हाताने दाबून बघतात. तुमच्या वाटेत माझ्यासारखा कुणी आला, तर त्याच्यापुढे मुद्दाम उड्या मारू नका. त्याच्या अंगावर पिशव्या लटकवू नका. त्याला सजवायचं असेल तर खुशाल सजवा, पण त्याला लागलेलं कळू द्या. ज्याला लागलेलं कळत नाही, तो दुसऱ्याला लागलं तरी चालतच राहतो. हे मी स्वतः करून बसलो आहे.

आजोबांचं सांगायचं राहिलंच की! ते खिडकीपर्यंत पोचले. सिस्टर, मामा, मावशी सगळे टाळ्या वाजवत होते. घरी जायच्या दिवशी ते वॉकर सोडून नुसत्या काठीवर आले. मी समोरून येत होतो. त्यांनी मिस्कीलपणे डोळे मिचकावले आणि काठीच्या टोकाने माझ्या बंपरला हळूच टोचलं.

मी थांबलो, मागे सरलो आणि म्हणालो, "माफ करा, आधी तुम्ही."

"नाही रे बाबा," आजोबा बाजूला होत म्हणाले, "आज आधी तू."