न बोलणारा पंखा

फोरमनसाहेबांनी उभं आयुष्य हवेत घालवलं. हे वाक्य त्यांच्यासमोर हसून म्हणणाऱ्या माणसाशी ते पुन्हा बोलत नसत. कापडगिरणीत हवेचं खातं त्यांच्याकडे होतं. छताला माणसापेक्षा उंच पंखे होते आणि यंत्रांवरून उडणारी कापसाची धूळ बाहेर ओढून टाकणं हे त्या पंख्यांचं काम. शेकडो माणसांच्या छातीत जाऊ पाहणारा कापूस साहेबांनी वेळेवर बाहेर काढला. थोडा त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला, तो ते पेन्शनबरोबर घरी घेऊन आले. निवृत्तीनंतर गिरणी बंद पडली, साहेबांचं खातं मात्र चालू राहिलं. घरात स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावायचा असो की बाथरूमचा, निर्णय त्यांचा असे. बाकीच्यांना मत मांडायची मुभा होती, आणि ते ऐकून न घेण्याची त्यांना.

अशा घरात एक दिवस कॉम्प्युटरच्या पंख्याबद्दल तक्रार आली, ही साहेबांच्या दृष्टीने आनंदाचीच बातमी होती. पण ती सूनबाईसाठी आनंदाची नव्हती.

सूनबाईचा धंदा आवाजाचा. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ असं जी बाई सांगते ती हीच. बँकेला फोन लावला की ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणून जी प्रतीक्षा करायला लावते तीही हीच. लोकांनी तिला इतक्या वेळा ऐकलं होतं आणि इतक्या वेळा मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या की ती एका अर्थी प्रसिद्धच होती. फक्त इतक्या वर्षांत तिच्या एकाही वाक्याला चार शब्दांच्या पुढे जाण्याची संधी मिळाली नव्हती. आणि आता एका प्रकाशन संस्थेने तिला अख्खी कादंबरी वाचायला देऊ केली होती. उशाला घेतली तर मान अवघडेल इतकी जाड. बोलती पुस्तकं काढणाऱ्या त्या संस्थेने आधी नमुना म्हणून पहिलं प्रकरण मागवलं, तिने ते वाचून पाठवलं, आणि उत्तर आलं: आवाज उत्तम, वाचन उत्तम, पण मागे पंख्याची घरघर येते आहे. शनिवारपर्यंत घरघर काढून पुन्हा पाठवा. नाहीतर काम दुसऱ्या आवाजाकडे द्यावं लागेल.

तिची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मुळात अडगळीची खोली. तिने अडगळ माळ्यावर चढवली होती, भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या आणि मधोमध टेबल, टेबलावर माइक, टेबलाखाली कॉम्प्युटर. कॉम्प्युटर जुना होता आणि रेकॉर्डिंग सुरू केलं की तापून सुस्कारे टाकायचा. त्याचे सुस्कारे माइकच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून तिने माइकची पाठ कॉम्प्युटरकडे आणि तोंड दाराकडे केलं होतं. हे तिने विचारपूर्वक केलं होतं आणि घरात सगळ्यांनी त्या विचाराचं कौतुक केलं होतं.

पंख्याच्या निवडीसाठी बैठक बसली. अध्यक्ष अर्थातच साहेब. सूनबाईचा नवरा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा, त्यामुळे कोणत्याही प्रश्नाची दुसरी बाजू मांडल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नसे. त्याने एकीकडे मोठा पंखा घेण्याचे फायदे सांगितले, दुसरीकडे पंखाच न घेण्याचे सांगितले, आणि दोन्हींच्या मधोमध जाऊन शांत बसला. तिसरा सभासद सूनबाईचा धाकटा भाऊ. त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा घरात समज होता, कारण तो कॉम्प्युटरचं झाकण न घाबरता उघडायचा. त्याचं म्हणणं, पंखा असा हवा की ज्याच्या पात्यांमधून रंगीत दिवे फिरतात. दिव्यांचा थंडाव्याशी काय संबंध असं सूनबाईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “ताई, ज्या कंपनीला दिव्यांचं सुचतं तिला थंडाव्याचं सुचलं नसेल का?”

साहेबांनी खोक्यावरचे आकडे वाचून एकच कसोटी मान्य केली. मिनिटाला किती हवा ओढतो. आकडा ज्याचा मोठा तो पंखा मोठा, बाकी सगळं साहित्य. सर्वांत मोठा आकडा नेमका दिवेवाल्याचाच निघाला आणि बैठक एकमताने संपली. सूनबाईचं मत नोंदवायचं राहून गेलं. ती आत चहा करत होती.

पंखा बसला. साहेबांनी खिशातून दोरा काढला आणि कॉम्प्युटरच्या मागे धरला. गिरणीत ते हवेची परीक्षा अशीच घेत. दोरा ताठ आडवा झाला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं आणि साहेबांच्या चेहऱ्यावर, गिरणी बंद झाल्यापासून कुणी पाहिला नव्हता असा, खातेप्रमुखाचा प्रकाश पडला. दोरा तसाच धरून त्यांनी मुलाला हाक मारली, मग व्याह्यांना फोन लावून कळवलं. व्याही काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, कारण पंखा चालू होता.

सूनबाईने माइकसमोर बसून कादंबरीचं पहिलं वाक्य वाचलं आणि ऐकून पाहिलं. वाक्य विमानतळावर वाचल्यासारखं येत होतं.

“बाबा, हवा चांगली आहे,” ती म्हणाली. “पण हा बोलतो.”

“यंत्र आहे, बोलणारच.”

“मग कादंबरी त्यालाच वाचू दे.”

साहेब रागावले नाहीत. त्यांना इतकंच कळेना की हवा एवढी उत्तम असताना माणूस नाराज कसा असू शकतो. गिरणीत एवढा खडखडाट असे की पंख्याचा आवाज हा दोष आहे असं कुणाच्या कानावरच कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूनबाई पंखा बदलायला दुकानात निघाली, तेव्हा तेही चप्पल घालून तयार होते. दोरा खिशात होताच.

दुकानदार तरुण आणि उत्साही होता. त्याने खोकी मांडली आणि त्यांवरचे आकडे पाठ म्हणायला सुरुवात केली. सूनबाईने त्याला मधेच थांबवून विनंती केली की दुकानातली गाणी बंद करा, डोक्यावरचा पंखा बंद करा, दार लावा आणि यातले पंखे एकेक करून चालवून दाखवा. दुकानदार म्हणाला, “मॅडम, पंखे लोक बघून घेतात.” ती म्हणाली, ती डोळे मिटूनच घेणार आहे.

तिने खरोखरच डोळे मिटले. पहिला पंखा सुरू झाला. ती म्हणाली, “हा शीळ घालतोय.” दुकानदाराला ऐकू आली नाही. त्याने पंखा कानाशी धरला, तेव्हा आली, आणि त्याचा चेहरा पडला. दुसरा एका जागी टिकटिकत होता, घासणाऱ्या पात्यासारखा. तिसरा सुरुवातीला गप्प होता, पण वेग वाढला की गुणगुणायला लागे. आजूबाजूची गिऱ्हाइकंसुद्धा श्वास रोखून उभी राहिली. एका गृहस्थाने फोन वाजला म्हणून स्वतःहून माफी मागितली. साहेब कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते पंख्याची परीक्षा दुसऱ्या कुणाच्या हातून होताना बघत होते आणि त्यांना मत मांडायची मुभा होती. त्यांनी ते मांडलं नाही.

शेवटी रुंद पात्यांचा, काळा, दिवे नसलेला, दिसायला अगदी सामान्य असा पंखा सुरू झाला. सूनबाई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “चालू करा ना.” दुकानदार म्हणाला, “मॅडम, चालू आहे.”

साहेबांनी पुढे होऊन दोरा धरला. दोरा आडवा झाला नाही, पण तिरका झाला आणि तसाच राहिला, थरथरला नाही. “सावकाश ओढतोय,” ते म्हणाले, “पण मनापासून.” हे त्यांच्या तोंडून गिरणीतसुद्धा मोजक्याच पंख्यांनी ऐकलं असेल.

नवा पंखा बसला. कॉम्प्युटर इतका शांत झाला की चालू आहे की नाही ते पाहायला धाकटा भाऊ दर थोड्या वेळाने खाली वाकत होता. दुपारी जेवणं झाल्यावर, रस्त्यावरची वर्दळ कमी असताना, सूनबाईने दार लावून घेतलं आणि पहिलं प्रकरण पहिल्यापासून वाचलं. संध्याकाळी सगळे गोळा झाल्यावर ते लावलं. पंखा नव्हता, टिकटिक नव्हती. आणि त्या स्वच्छ शांततेत, तिच्या प्रत्येक वाक्याच्या मागे, घरघर आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येत होती.

 प्राध्यापकाने ‘एकीकडे’ म्हणून सुरुवात केली, पण ‘दुसरीकडे’ काय हे त्याला सुचेना. धाकट्या भावाने विजेच्या जोडणीवर संशय घेतला. उद्या शनिवार होता. सूनबाई पदराशी चाळा करत नुसती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली. चार शब्दांच्या पुढे जाण्याची तिची संधी त्या घरघरीत अडकून पडली होती.

“आण इकडे,” साहेबांनी हेडफोन मागितला. यंत्राचा बिघाड ही त्यांची हद्द होती. त्यांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले, थोड्या वेळाने मान डोलवली आणि हेडफोन असल्यामुळे जरा मोठ्यानेच निकाल दिला.

“हा पंखाच नाही. पंखा एकदा सुटला की सुटला, तो दम घ्यायला थांबत नाही. हे ओढतंय, थांबतंय, परत ओढतंय. हे भात्याचं काम आहे. जुना भाता. आतलं कातडं सुकलंय, शिवणीतून हवा सुटतेय.” मग अनुभवाने जोडलं, “आणि जवळच आहे. दारापलीकडे.”

निदान अचूक झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी हेडफोन काढला. आवाज थांबला नाही.

घरातल्यांना साहेबांचा श्वास ऐकू येत नसे, जसं भिंतीवरचं घड्याळ घरातल्यांना ऐकू येत नाही. आता तो सगळ्यांना एकदम ऐकू यायला लागला आणि सगळे कुठेतरी दुसरीकडे बघायला लागले. साहेबांनी हेडफोन परत कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. चांगला कारागीर दोनदा तपासतो. मग तो टेबलावर नीट ठेवून म्हणाले, “बरोबर आहे.”

“बाबा, तुम्ही दुपारी झोपता ना?” सूनबाईने विचारलं.

“झोपायचो.” त्यांनी दोरा काढला आणि बोटाला गुंडाळायला घेतला. ती दार लावून वाचायला बसली की ते स्टूल घेऊन दाराशी जाऊन बसत होते, दाराखालच्या फटीजवळ, माइकच्या अगदी समोर. हे सगळं त्यांना एका वाक्यात सांगता आलं नाही, तुकड्यातुकड्यांनी आलं. “लिफ्टमध्ये तू लगेच संपतेस,” ते म्हणाले. “मी वर जातो, खाली येतो. दरवाजा बंद होत आहे, दरवाजा उघडत आहे. तेवढंच. इथे तू थांबत नव्हतीस.”

सूनबाईने टेबलावरचा हेडफोन उचलून कानाला लावला आणि तोच श्वास पुन्हा ऐकला. 

“सदोष यंत्र खात्यात ठेवायचं नाही,” साहेबांनी आदेश काढला. “उद्या मी खाली बसतो.”

“आणि संध्याकाळी मी तुम्हाला ऐकवते. रोज. सगळं पुस्तक.”

“डॉक्टरकडेही जायचंय,” प्राध्यापक म्हणाला. त्याने दुसरी बाजू मांडली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

शनिवारी साहेब इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. कुरिअरवाल्याला त्यांनी गाडी कोपऱ्यावरूनच बंद करून ढकलत आणायला लावली. जिन्यात मोठ्याने बोलणाऱ्यांना बोटाने गप्प केलं. कारण विचारलं की वर बोट दाखवायचे. त्या दिवशी गेलेल्या प्रकरणावर संस्थेचं उत्तर आलं त्यात घरघरीचा उल्लेख नव्हता. काम सुरू करा, एवढंच होतं, आणि खाली कादंबरीच्या उरलेल्या प्रकरणांची लांबलचक मोजदाद.

साहेबांची खुर्ची मग दुपारभर खालीच राहू लागली. एकदा तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर शेजारी येऊन बसले. त्यांच्या जावयाचा कॉम्प्युटर तापत होता. पंखा कोणता घ्यावा, म्हणाले, तुमच्याशिवाय कुणाला विचारणार. इंजिनिअरने पंख्याबद्दल आपल्याला विचारावं याची साहेब नोकरीभर वाट बघत होते. ते खुर्चीत सरळ झाले, घसा साफ करायला गेले आणि वर बघून तो तसाच ठेवला.

“हवेबद्दल काय ते मला विचारा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “पंख्याबद्दल सूनबाईला. पण आत्ता नाही. आत्ता ती वाचतेय.”