रावबाची दवंडी

पौषाची सकाळ. कृष्णेच्या श्यामल पात्रावर धूसर धुकं, धुक्यावर कोवळं केशरी ऊन, काळ्या पाषाणी पायऱ्यांवर दवाचा ओला, मंद, मौन प्रकाश. नदीला सालाशी देणंघेणं नव्हतं. माणसांच्या लेखी ते एकोणीसशे तीस होतं.

दूर लाहोरात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता आणि आज गावोगावी त्याची शपथ घ्यायची होती. वाळुंजघाटात ती दवंडी पिटायचं काम आलं मांगवाड्यातल्या रावबाकडे. चार पिढ्या सरकारचे हुकूम याच घराच्या हलगीनं गावात फिरवले होते. मामलेदारानं बजावलं होतं, या दवंडीला जो हलगी लावील त्याचं वतन गेलं.

"वतन गेल्याव खायाचं काय?" बायकोनं, भिवरानं, विचारलं.

"जल्मभर दुसऱ्याचा हुकूम सांगितला. ह्यो हुकूम न्हाई म्हणत्यात. येवढा सांगू दे."

हलगी तडतडली. आळी जागी झाली, पेठ जागी झाली. सोनारानं दुकानाची फळी अर्धी काढून तशीच धरली. तालमीतले गडी मातीच्या अंगानं धावले. पेन्शनर फौजदारानं खिडकी लावून घेतली. कासारणीनं विचारलं, "मग सायब आजच जानार व्हय?" पारावरचा म्हातारा म्हणाला, "लाहोर लई लांब हाय, बाई."

घाट माणसांनी भरला. रावबा वरच थांबला. खालच्या पायऱ्या त्याच्या नव्हत्या. त्याच्या वाड्याचं पाणी दूर खालच्या अंगाला, म्हशींच्या डोहापाशी.

गावातले काँग्रेसचे वकील पाण्याकाठी उभे राहून शपथ वाचू लागले. आवाज किनरा, वारा उलटा. मागचे कुजबुजले, काय म्हणाले? शेवटी वकिलांनीच हाक घातली. "रावबा, खाली ये. माझा आवाज पुरत नाही. तू सांग."

वाट झाली. पदर सावरत, अंग चोरत वाट झाली. तो मान नव्हता, हे रावबाला कळत होतं. शेवटच्या पायरीवरही कुणी जागा केली नाही, म्हणून तो गुडघाभर पाण्यात उतरला.

वकील वाक्य सांगत, रावबा ते घाटभर फेकी, आणि शेकडो कंठ ते उचलून धरत. गुलामी सोसणार नाही. माणूस म्हणून जगू. त्याचा शब्द गावानं असा आजवर कधी उचलला नव्हता. त्याला भरून आलं.

शपथ संपली. मामलेदारानं धाडलेल्या हवालदारानं पायरीवरूनच हात पुढे केला. रावबानं गळ्यातली हलगी काढून दिली. पस्तावा झाला नाही.

मग बायका घागरी घेऊन उतरल्या. पहिली त्याच्यापाशी थबकली. प्रवाहाच्या वरच्या अंगाला दहा पावलं चालत गेली, आणि तिथं तिनं घागर बुडवली. तिच्यामागून दुसरी गेली. तिच्यामागून तिसरी.

रावबा हलला नाही. ऊन चढलं, एकेक घागर भरून गेली, घाट रिकामा झाला. तरी तो पाण्यातून बाहेर आला नाही.