सखूबाईंच्या सुपाचं भांडं

मी एक जुना स्लो कुकर आहे. नाव ऐकून हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो, कारण पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही. सध्या माझा मुक्काम खेडजवळच्या एका वाडीत, मागच्या पडवीत, सरपणाच्या भाऱ्यांशेजारी आहे. काचेच्या झाकणावर कोळ्यानं जाळं विणलं आहे. ते झटकायला कुणी येईल ही आशा मी केव्हाच सोडली.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. बाहेरून पत्रा, आत चिनी मातीचं जड भांडं आणि बुडाशी एक तार, एवढाच माझा संसार. ती तार हळूहळू तापते आणि आतलं अन्न दिवसभर संथपणे शिजत राहतं. माझा स्वभावच मंद. तो प्रेशर कुकर पाहिलात ना, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तीन शिट्ट्या मारल्या की त्याचं काम झालं. मला मात्र घाई जमत नाही, आणि कुणी सारखं झाकण उघडून डोकावलेलं तर मुळीच खपत नाही.

मस्कतला नोकरी करणाऱ्या रशीदभाईंनी मला सुट्टीवर येताना बॅगेत घालून खाडीकाठच्या आपल्या घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, रझियाभाभींनी, रमजानात माझ्यात हलीम केलं. शेजारपाजारचे वाटीवाटी घेऊन गेले आणि बोटं चाटत राहिले. माझ्या डोक्यात जरा हवा गेलीच. पण माझ्या पिना चौकोनी, त्या इथल्या भिंतीतल्या भोकांत जाईनात. मध्ये लावायचा जोड एके दिवशी जळाला आणि मी खोक्यात बंद होऊन कपाटावर गेलो. तिथे मी किती वर्षं काढली ते मलाही ठाऊक नाही. कौतुकाला वेळ लागतो, विसरायला मुळीच लागत नाही.

मला खाली उतरवलं ते त्यांच्या मुलीनं, झोयानं. ती लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला होती. तिच्याबरोबर कंपनीच्या बसमध्ये शमिका नावाची, या वाडीतल्या घरची सून बसायची. शमिकाचा नवरा मुंबईला कामाला. घरी सासरे आप्पा आणि सासूबाई सखूबाई. सखूबाईंनी जन्मभर दातांना मशेरी लावली आणि त्या मशेरीनंच त्यांचा जबडा पोखरला. कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक सुरू झाले. त्या शेकांनी तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळतानाही त्यांच्या डोळ्यांतून धारा लागत.

डॉक्टरांनी शमिकाला बजावून सांगितलं होतं, "वजन टिकलं तरच शेक पुरे करता येतील. अर्धवट थांबवावे लागले तर पुढचं माझ्या हातात नाही. मऊ, पातळ, गाळलेलं द्या. तिखट-आंबट बंद."

शमिकानं हे बसमध्ये झोयाला सांगितलं, तेव्हा झोया म्हणाली, "आमच्याकडे एक भांडं पडलंय नुसतं. सकाळी भाजी लावून ये, ड्यूटीवरून जाशील तोवर लोण्यासारखी झालेली असेल." झोयानं नवा जोड आणून दिला आणि मी शमिकाच्या पिशवीत बसून या वाडीत आलो.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले खरे दिवस ते. पहाटे उठून शमिका लाल भोपळा, दुधी, गाजर, बटाटा चिरायची, मूठभर मूगडाळ धुऊन घालायची, वर पाणी ओतायची आणि माझं बटण मंदावर फिरवून बसला पळायची. मी दिवसभर माझ्या चालीनं शिजत बसायचो. दुपारी ती परतली की रवीनं सगळं घुसळायची आणि बारीक गाळणीतून गाळायची, म्हणजे शीर राहायला नको की साल राहायला नको. सगळ्यात शेवटी दूध आणि घरची साय. दूध आधी घातलं तर फाटतं, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती. मग झाकण ठेवून मला थोडा वेळ कोमट राहू द्यायची आणि आंघोळीला जायची, कारण कंपनीचा वास अंगावर घेऊन ती सासूजवळ कधी बसली नाही.

पहिल्या दिवशी सखूबाईंनी चमचा ओठाला लावला आणि डोळे मिटून घेतले. आता ओरडणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी गिळलं.

"जळत नाय गो," त्या म्हणाल्या. "वाईच आणखी दे."

आप्पा दारात उभे होते. ते उपरण्यानं तोंड पुसायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्यानंतर दर आठवड्याला हॉस्पिटलात वजनाचा काटा जागेवर राहिला आणि शेक सुरू राहिले. अर्ध्याहून अधिक शेक पार पडले. माझ्यासारख्या मंद भांड्याच्या जिवावर एक बाई तगून होती, आणि मला ते कळत होतं.

आता आप्पांविषयी सांगायला हवं. माणूस भला. घरामागच्या परड्यात त्यांची रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं. दर मे महिन्यात सखूबाई रातांबे फोडायच्या आणि आप्पा सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायचे. त्यांच्यासारखं काळंभोर, मऊ आमसूल वाडीत कुणाचं नसायचं. या मुलखात आमसूल म्हणजे नुसता आमटीचा जिन्नस नाही. अंगावर पित्त उठलं, लावा आमसूल. पोट बिघडलं, घ्या आमसुलाचं सार. उन्हानं जीव घाबरला, प्या कोकम. इथे डॉक्टर नंतर येतो, आमसूल आधी.

एके दुपारी सखूबाई शून्यात बघत म्हणाल्या, "पोट भरतंय, पण जिभेला काय कळत नाय वो. माती खाल्ली काय नि सूप खाल्लं काय. आपल्या आमटीची चव तरी आठवंल का नाय, देव जाणे."

आप्पा शेजारीच बसून ऐकत होते. शमिका कामावरून आली, तिनं घुसळलं, गाळलं, दूध-साय घातली आणि ती आंघोळीला गेली. मग आप्पा स्वयंपाकघरात आले. त्यांच्या मुठीत दोन आमसुलं होती. डॉक्टरांनी आंबट बंद सांगितलं होतं ते त्यांना माहीत होतं, पण आंबट म्हणजे चिंच, लिंबू, कैरी. आमसूल तर थंड! त्यानं जळजळ शमेल, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी माझं झाकण उचललं आणि दोन्ही सालं आत सोडली.

मला हात नाहीत, मित्रांनो, तोंड नाही. माझ्या पोटात दूध फाटू लागलं आणि मी बघत राहिलो. तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपणही शिट्टी मारणारं भांडं असतो तर!

थोड्या वेळानं आप्पांनी चमच्यानं चाचपून एक साल काढून फेकली. दुसरी सापडेना. शमिका यायच्या आत बायकोला आपल्या हातानं भरवावं, तिच्या तोंडावर चव आलेली बघावी, अशी त्यांना घाई झाली होती. त्यांनी वाटीत वरचं वरचं सूप घेतलं आणि सखूबाईंना भरवलं.

सखूबाईंनी गिळलं आणि दोन्ही हातांनी गळा धरला. तो आवाज मी विसरू शकत नाही. ओल्या केसांनी शमिका धावत आली. सखूबाई तोंड उघडं टाकून तळमळत होत्या, सोललेल्या तोंडात मीठ आणि आंबट भिनत होतं.

"काय दिलंत?" शमिकानं विचारलं.

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सूपच दिलं," ते म्हणाले. "फाटलेलं दिसतंय. त्या भांड्यातच काय तरी बिघाड झालाय."

शमिका मला मोरीवर घेऊन गेली. भांडं घासताना बुडाशी चिकटलेली मऊ साल तिच्या बोटांना लागली. तिनं ती उचलून पाहिली. मग मागच्या दारातून परड्यात पाहिलं. आप्पा रातांब्याखाली पाठमोरे बसले होते, खांदे पाडून. तिनं ती साल केराच्या टोपलीत टाकली. वाटलं, आता ती बोलेल. ती बोलली नाही.

सखूबाईंना मात्र भलतंच वाटून बसलं होतं. कळ जरा ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आता सूपसुदा जळाय लागलं गो. म्हणजे रोग वर चढला. माझं आता संपलं."

"नाय आई, तसं नाय," शमिका म्हणाली. "भांडं खराब झालंय. दूध फाटतंय त्याच्यात."

"मना समजावू नको, बाय."

त्या दिवसापासून सखूबाईंनी ओठ मिटले. दुसऱ्या दिवशी शमिकानं माझ्यात पहिल्यासारखंच सूप केलं, गोड, मऊ, गाळलेलं. मी माझा सगळा जीव ओतून शिजवलं. सखूबाईंनी मला ओट्यावर पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग शमिकानं मला मागच्या पडवीत नेऊन ठेवलं आणि गॅसवर सूप करून पाहिलं. वाटी तशीच परत आली. चव कशीही असती तरी उपयोग नव्हता. त्या बाईला अन्नाची नाही, स्वतःच्या गळ्याची भीती बसली होती.

एका वाक्यानं ती भीती गेली असती. 'चुकून आमसूल पडलं होतं, रोग वाढलेला नाही,' एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. आप्पा लाजेनं गप्प. शमिका सासऱ्यांचा मान राखायला गप्प. मी गप्प, कारण मी भांडं. आम्हा तिघांत बोलता न येणारा मी एकटाच होतो.

वजनाचा काटा घसरला. डॉक्टरांनी शेक थांबवले. सखूबाईंना घरी आणलं आणि भात लावणीच्या दिवसांत त्या गेल्या. पडवीतून मला फक्त माणसांची ये-जा ऐकू आली. त्या गेल्या हे मला कुणी सांगितलं नाही. भांड्याला कोण सांगणार?

दिवसकार्य उरकलं. मुंबईहून आलेला मुलगा परत गेला. एका दुपारी आप्पा पडवीत आले आणि माझ्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला, पण उचललं नाही. शमिका सरपण न्यायला आली आणि त्यांना बघून थबकली.

"पोरी, ह्या भांड्यात काय बिघाड नव्हता," आप्पा म्हणाले. "आमसूल मी टाकलं होतं. तिला चव यावी म्हणून."

शमिकानं उचलायला घेतलेला भारा खाली ठेवला.

"ठाव हाय मला, आप्पा. त्याच दिवशी घासताना साल मिळाली."

आप्पांनी झाकणावरचा हात काढला. "मग तिला सांगितलंस का नाय गो? तिनं खाल्लं असतं."

"तुमी सांगाल म्हणून थांबले," शमिका म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगतील."

 तिनं भारा उचलला आणि आत गेली. आप्पा माझ्याजवळ अंधारेपर्यंत बसून राहिले, आणि मला त्यांचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर मला वाटायचं, आपल्याला वापरत नाहीत हेच मोठं दुःख. ते काहीच नव्हतं. मी चांगला होतो, सूप चांगलं होतं, आणि ती बाई भुकेनं गेली, हे घेऊन मी इथे बसलो आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगायला हवं, पण मला जपून आता कुणाचं काय भलं होणार? मला भंगारात घाला हवं तर. एकच मागणं आहे. घरात कुणी आजारी असेल आणि तुमच्या हातून चूक झाली, तर ती भांड्यावर ढकलू नका. आणि दुसऱ्याची चूक तुम्हाला दिसली, तर तो कबूल करील म्हणून वाट बघत बसू नका. आजारी माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. सखूबाईंजवळ नव्हता.